आधी आपली ट्रंक उघडा



दशलक्षण पर्व पार पडलं, अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणीला एकमेकींना हात जोडून झाले. आता दीड महिन्यावर दिवाळी. घरोघरी एकच वाक्य ऐकू यायला लागेल, "यंदा माळा काढायचाय."

माळा काढायचा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिडी लावायची, डोक्याला फडकं बांधायचं, वरची पातेली, हंडे, पत्र्याचे डबे, फाटक्या चेनच्या सुटकेसा, मुलांचा पाळणा, बंद पडलेला मिक्सर, सगळं खाली घ्यायचं. पुसायचं, ऊन दाखवायचं आणि संध्याकाळपर्यंत परत वर चढवायचं. खाली अंथरलेला पेपर तेवढा यंदाचा घालायचा. मग कंबर धरून बसायचं आणि म्हणायचं, "झालं बाई एकदाचं!"

मी हे चाळीस वर्षं केलं आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण आज स्पष्टच लिहिते. याला साफसफाई म्हणा, त्याग म्हणू नका. आणि जैन घरात दिवाळीआधी नुसती साफसफाई होत असेल, तर दहा दिवस बस्तीत बसून आपण जे ऐकलं ते कानावरून गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

दशधर्मातला एक दिवस उत्तम शौचाचा. शौच म्हणजे स्वच्छता. पण त्या दिवशी पंडितजी फरशी पुसण्याबद्दल बोलत नाहीत, लोभ जाण्याबद्दल बोलतात. लोभ गेला की मन स्वच्छ. पुढे उत्तम त्याग, त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तम आकिंचन्य. म्हणजे आधी सोडा आणि मग ‘माझं काही नाही’ असं म्हणा. क्रम बघा किती सरळ आहे. आपण मात्र सोडण्याची पायरी गाळतो आणि ‘माझं काही नाही’ हे पूजेत म्हणून मोकळे होतो. घरी आल्यावर माळ्याखाली उभं राहून वर बघा. कोणाचं आहे मग ते सगळं?

माझी चूक आधी सांगते

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. उत्तम त्यागाचा दिवस होता. प्रवचन ऐकून मी भारावून घरी आले आणि तिला म्हटलं, "आज तू तुझी सगळ्यात आवडती वस्तू कुणाला तरी द्यायची." तिच्याकडे तिच्या मामाने मुंबईहून आणलेली एक बाहुली होती, डोळे मिटणारी. मी तीच द्यायला लावली. पोरगी रडली. मी वर तिला ऐकवलं की रडत दिलेलं दान लागत नाही, हसून दे. तिने दिली. कशी हसली असेल ते माझं मला माहीत.

गेल्या वर्षी दिवाळीआधी ती माहेरपणाला आली होती. मी शिडीवर, ती खाली सामान घ्यायला. तिची लेक खेळण्यांचा पसारा मांडून बसली होती. मी वरूनच नातीला म्हटलं, "बाळा, किती गं खेळणी झाली तुझी! थोडी देऊन टाक बघू." मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, तुझी ट्रंक कधी देणार?"

मला राग आला. पण त्या रात्री मी ट्रंक उघडली. आत सव्वीस साड्या निघाल्या. त्यातली एकही मी मुलीच्या लग्नानंतर अंगाला लावलेली नाही. सगळ्यात तळाशी माझ्या आईने मला दिलेली रेशमी साडी. उचलली आणि घडीवरच फाटली. चारही घड्यांवर विरलेली. मी ती कुणाला दिली नाही, कारण ती आईची आठवण. नेसलेही नाही, कारण खराब होईल. ती ट्रंकेत बसल्या बसल्या संपली. मुलीला दिली असती तर तिने तिच्या लग्नात नेसली असती. तिने तेव्हा मागितलीही होती. मी म्हटलं होतं, "राहू दे, जुनी आहे, फाटेल."

म्हणून या लेखाचं नाव हे आहे. मुलांना त्याग शिकवायचा म्हणून आपण त्यांची खेळणी उचलतो, सुनेला शिकवायचा म्हणून तिच्या कपाटाबद्दल बोलतो, नवऱ्याला शिकवायचा म्हणून त्याच्या जुन्या वायरी आणि स्क्रूंच्या डब्याकडे बोट दाखवतो. स्वतःच्या ट्रंकेची किल्ली मात्र कमरेला. दुसऱ्याच्या वस्तूचा त्याग करायला धर्म लागत नाही, नुसता दरारा पुरतो.

परिग्रह आणि झुरळं

आता ज्या गोष्टीवर आपण जैन बायका कधीच बोलत नाही, तिच्यावर बोलते.

माळ्यावर, कॉटखालच्या पेटीत, बंद कपाटात वर्षानुवर्षं न हलवलेलं सामान असलं की काय होतं? पावसाळ्यात दमट लागतं. कपड्यांना कसर लागते, पुस्तकांना वाळवी, खोक्यांत झुरळं होतात, कोळी जाळी करतात. जीवोत्पत्ती झाली. मग दिवाळीच्या तोंडावर आपण काय करतो? डांबराच्या गोळ्या टाकतो, फवारा मारतो, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. चातुर्मासात पालेभाजी खात नाही, कारण पानावर जीव असतात. सूर्यास्तानंतर जेवत नाही. पाणी गाळून पितो. आणि त्याच चार महिन्यांत आपल्याच माळ्यावर त्रस जीवांची वसाहत होऊ देतो आणि दिवाळीत तिच्यावर औषध मारतो.

"संसार म्हटला की आरंभी हिंसा आलीच," असं म्हणून सुटका करून घेऊ नका. स्वयंपाक, झाडलोट, शेती यातली हिंसा टळत नाही म्हणून ती वेगळी धरली आहे. चौदा वर्षं न लागलेल्या गाद्यांच्या ढिगात झालेली हिंसा टाळता येत होती. ती गादी तेव्हाच दिली असती, तर कुणाची पाठ टेकली असती आणि त्या जीवांना तिथे घर करायला जागाही झाली नसती.

मुनिमहाराजांना पाच समिती आहेत. त्यातली एक आदाननिक्षेपण. वस्तू उचलताना आणि ठेवताना ती नीट बघायची, पिच्छीने हळुवार झाडायची, मग ठेवायची. त्यांच्याकडे पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढंच असतं, म्हणून ते प्रत्येक वस्तू प्रत्येक वेळी बघू शकतात. आपण श्रावक. आपल्याला तीन वस्तूंत जगता येणार नाही, कुणी सांगतही नाही. पण एक साधं माप यातून घेता येतं. जेवढ्या वस्तू मी वर्षातून निदान चार वेळा हातात घेऊन बघू शकते, तेवढ्याच माझ्या सांभाळण्यातल्या. त्यापलीकडचं जे आहे, त्यात कोण राहतं हे मला माहीत नाही.

हिशेबाने बघा

धर्माचं पटत नसेल तर हिशेबाचं पटतंय का बघा. मी कॉमर्सची. नोकरी केली नाही, पण शिकलेलं विसरलेही नाही.

दुकानात वर्षाअखेरीला स्टॉक मोजतात. जो माल हलत नाही त्याला डेड स्टॉक म्हणतात. त्याची किंमत धरताना नियम असा, की खरेदीची किंमत किंवा आज विकला तर येईल ती किंमत, यातली जी कमी असेल ती धरायची. शहाणा व्यापारी मेलेला माल खरेदीच्या भावाने वहीत दाखवत नाही. आपण घरात नेमकं तेच करतो. "अगं, ही साडी तेव्हा चार हजारांची!" चार हजार तेव्हा गेले. ते कपाटात नाहीत. कपाटात आहे ती विरलेली, पिवळ्या डागांची, आज कुणी शंभर रुपयांनाही न घेणारी साडी. ती दिल्याने चार हजारांचं नुकसान होत नाही, नुकसान केव्हाच झालेलं आहे. आपण फक्त ते मान्य करायला तयार नाही.

आणि जागेचं भाडं कोण धरणार? दोन लोखंडी कपाटं आणि त्यांची दारं उघडायला लागणारी जागा मिळून पंधरा चौरस फूट धरा. फ्लॅटचा भाव समजा पाच हजार रुपये फूट. पंच्याहत्तर हजारांच्या जागेत आपण पाच हजारांचं भंगार सांभाळतो. वर मुलगा म्हणतो घर लहान पडतंय, मोठा फ्लॅट बघू. घर लहान पडत नसतं. सामानाने माणसांची जागा खाल्लेली असते.

दान की उकिरडा?

इथवर वाचून एखादी म्हणेल, "आम्ही देतो की! दरवर्षी दोन पिशव्या कपडे देतो." बघू या काय देतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. त्या वेळी सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली, ती विसरता येणार नाही. पाणी, बिस्किटं, औषधं, चादरी देणाऱ्यांना माझा नमस्कार. पण कपड्यांच्या गाठी निवडायला आम्ही बायका बसलो, तेव्हा त्यातून काय काय निघालं! कुबट वासाचे ब्लाउज. काखेत फाटलेले शर्ट. एका पायाचा बूट. जरीचा शेरवानी. वापरलेली अंतर्वस्त्रं. ज्या बाईचं घर गाळाने भरलंय तिला आपण आपल्या घरातला गाळ पाठवला. निम्म्या गाठी बाजूला काढाव्या लागल्या आणि मग त्यांचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहिला. पाठवणाऱ्यांच्या घरी मात्र कपाट रिकामं आणि दान केल्याचं समाधान पदरात.

मी एक कसोटी ठरवली आहे. जी वस्तू आपल्या विहिणीच्या हातात द्यायला लाज वाटेल, ती कुणाच्याच हातात द्यायची नाही. बटण तुटलंय तर लावून द्या. मिक्सर बंद असेल तर दुरुस्त करून द्या, नाहीतर भंगारवाल्याला द्या आणि त्याला भंगारच म्हणा. फाटकं सुती कापड पुसायला घ्या. घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून त्याची लाज लहान होत नाही.

याच ओघात कामवाल्या बाईंचं. दिवाळी आली की आपण त्यांना जुनी साडी, जुना कुकर, नातवाचे तोकडे झालेले कपडे देतो आणि मनातल्या मनात बोनसमधून तेवढं वजा करतो. हे करू नका. बोनस म्हणजे पैसे, एका पगाराचे, पाकिटात, वेळेवर. वस्तू द्यायची तर वेगळ्या दिवशी आणि विचारून, "ताई, हे तुम्हाला उपयोगी आहे का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा." आमच्याकडच्या ताईंनी मला एकदा सरळ सांगितलं, "वहिनी, माझं घर दहा बाय बाराचं. तुमचं कपाट मी कुठं ठेवू?" आपला माळा रिकामा व्हावा म्हणून त्यांनी आपलं घर भरायचं, हे कुठलं दान?

आणि बोहारीण. ती कष्टाने पोट भरते, तिच्याशी माझं भांडण नाही. उलट आपण दिलेले कपडे निवडून, शिवून, धुऊन ती बाजारात उभी करते, ते आपल्या हातून होत नाही. भांडण आपल्याशी आहे. आठ साड्या देऊन एक स्टीलची परात घ्यायची, तीही अर्धा तास घासाघीस करून, आणि मग ती परात त्याच माळ्यावर चढवायची! याला त्याग म्हणत नाहीत, अदलाबदल म्हणतात. व्यवहार म्हणून करा, पण पुण्याच्या खात्यात लिहू नका.

"लागतं कधीतरी" आणि इतर उत्तरं

"जुन्या बायका काही टाकत नव्हत्या," हे मला नेहमी ऐकवलं जातं. खरं आहे. माझ्या सासूबाई काही टाकत नसत. पण त्या साठवतही नसत, हे आपण विसरतो. त्यांच्या लुगड्याला एक आयुष्य होतं. आधी सणाला, मग रोजला, मग दोन विरलेली लुगडी मिळून वाकळ, वाकळ फाटली की पायपुसणं, आणि शेवटी चूल सारवायचा बोळा. वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत कामात असायची. याला काटकसर म्हणतात. आपल्या सव्वीस साड्या काटकसर नव्हेत. त्यांचं नाव काढून आपला साठा झाकू नका.

"आठवण आहे." असू दे. एक ठेवा. आईच्या हातची एक वस्तू, सासऱ्यांचा चष्मा, मुलाचं पहिलं झबलं. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या मोजणीने केलेली नाही, मूर्च्छेने केली आहे. मूर्च्छा म्हणजे वस्तूत अडकलेलं मन. त्याचा फायदा घेऊन काही हुशार मंडळी म्हणतात, "मग वस्तू कितीही असू देत, मनात आसक्ती नसली म्हणजे झालं." उत्तम. आसक्ती नसेल तर द्यायला एक मिनिटही लागणार नाही. देऊन बघा. हात अडखळला की समजा मूर्च्छा कुठे आहे ते.

"फेकून देणं हेही पापच की." मान्य, अगदी मान्य. बाहेरच्या देशातली ती पद्धत मला पटत नाही, काळ्या पिशव्या भरायच्या आणि कचराकुंडीत ढकलायच्या. आपल्याला यत्नाने सोडायचंय. प्रत्येक वस्तू कुठे जाणार हे ठरवून. औषधं मुदतीतली आणि न उघडलेली असतील तर डॉक्टरांना विचारून द्यावीत, मुदत संपलेली कुणालाही देऊ नयेत. जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या ई-कचरा घेणाऱ्यांकडे. पुस्तकं वाचनालयाला आधी विचारून. आणि शास्त्रं, पूजेची पुस्तकं बस्तीत. तीसुद्धा पानं जुळवून, नवं कव्हर घालून, रद्दीसारखी गठ्ठा बांधून नव्हे.

इथे एक मोठं दुखणं आहे, ते म्हणजे लग्नाच्या आणि पूजांच्या पत्रिका. प्रत्येकीवर भगवंतांचा फोटो. टाकता येत नाहीत, अविनय होतो. ठेवल्या तर खोकी भरतात. माझ्याकडे तीन खोकी निघाली. यावर माझं म्हणणं साधं आहे. पत्रिकेवर फोटो छापूच नका. ‘श्री वीतरागाय नमः’ हेही फोनवरच्या निमंत्रणात लिहा. वीतराग भगवंतांना आपण रद्दीच्या पेचात का आणायचं?

"रिकामं केलं की परत भरतं." हो, भरतं. म्हणूनच आपल्या आचार्यांनी नुसता त्याग सांगितला नाही, परिग्रहपरिमाण सांगितलं. म्हणजे आधी आकडा ठरवा. माझ्याजवळ इतकंच, याच्या वर नाही. आकडा नसेल तर माळा रिकामा करणं म्हणजे दिवाळीच्या सेलसाठी गोदाम मोकळं करणं.

ज्या वाट्या आपणच वाटतो

माझ्या घरात स्टीलच्या एकसष्ट वाट्या निघाल्या, नाव घातलेल्या. कुणाच्या व्रताच्या उद्यापनाच्या, कुणाच्या वास्तूच्या, कुणाच्या पंच्याहत्तरीच्या. आम्ही माणसं दोन. या वाट्या मी विकत आणल्या नाहीत, मला वाटल्या गेल्या. आणि मीही माझ्या उद्यापनाला शंभर वाट्या वाटल्या आहेत. त्या शंभर घरांत माझं नाव आज माळ्यावर धूळ खात पडलं असेल.

विचार करा मैत्रिणींनो. उपवास केला तो आसक्ती कमी व्हावी म्हणून. आणि त्याची सांगता करताना शंभर घरांचा परिग्रह एकेका वाटीने वाढवला. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. वाटी त्यात कुठे बसते? त्या रकमेत एका मुलीची वर्षाची वह्या-पुस्तकं येतात, एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याची औषधं येतात. नाव घातलेलं भांडं देण्याची ही रीत बंद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला टोचेल. मला आधी टोचलं आहे.

घरात कसं शिकवायचं

आम्ही यंदा जे ठरवलंय ते सांगते. आवडलं तर घ्या.

पहिला नियम, ज्याने त्याने आपापल्याच वस्तू काढायच्या. मुलांच्या, सुनेच्या, नवऱ्याच्या वस्तूला त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि सुरुवात घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने करायची. आजीने ट्रंक उघडली की नात आपोआप खेळण्यांची टोपली घेऊन येते. मी हे पाहिलं आहे.

दुसरा, वहीत आकडा लिहायचा. साड्या किती, चादरी किती, पातेली किती, चपला किती. हा आकडा दुसऱ्याने ठरवायचा नाही. आमच्या ‘अहों’नी पेनांचा आकडा चाळीस लिहिला. मी काही बोलले नाही. पुढच्या दशलक्षणात त्यांचे तेच कमी करतील.

तिसरा, उन्हाळा, पावसाळा, थंडी आणि लग्नसराई हे चारही काळ गेले तरी जी वस्तू लागली नाही, ती निघालीच. "लागतं कधीतरी" याला एक वर्षाची मुदत. त्यानंतर लागलीच तर शेजारी मागायची. मागायला कमीपणा वाटतो म्हणून तर आपण इतकं साठवतो.

चौथा, काढलेली वस्तू आठ दिवसांत घराबाहेर. गॅलरीत सहा महिने पडलेली पिशवी म्हणजे त्याग नव्हे, नुसतं स्थलांतर.

पाचवा, देताना फोटो नाही, ग्रुपवर टाकणं नाही.

सहावा आणि सगळ्यात अवघड, रिकामी झालेली जागा पुढच्या दशलक्षणापर्यंत रिकामी ठेवायची. लहान मुलांना ती दाखवायची. भरलेलं कपाट सगळ्याच घरांत असतं. रिकामा कप्पा बघायला मिळाला तर ती विचारतील, "आजी, इथे काय होतं?" तेव्हा सांगायचं काय होतं आणि ते आता कुणाच्या कामी येतंय.

यादीचं दुसरं टोक

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक राहील. आपल्या शास्त्रात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत. यादी क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर इथून सुरू होते. मग सोनं-चांदी, धनधान्य. कपडे आणि भांडी अगदी शेवटी. आपण बायका या यादीच्या शेवटून सुरुवात करतो. ठीक आहे, कुठून तरी करायला हवीच. पण तिथेच थांबू नका. माळा रिकामा आणि लॉकर भरलेला, कपाटात दहा साड्या आणि नावावर चौथा प्लॉट, असं असेल तर आपण फक्त धूळ काढली. घरातल्या पुरुषमंडळींनीही हा लेख वाचावा तो याचसाठी. साड्यांवरून आम्हाला बोलायचं असेल, तर आधी सातबारा काढून बसा.

धनत्रयोदशीला आपल्यात धन्यतेरस म्हणतात. भगवान महावीर निर्वाणाच्या आधी शेवटच्या ध्यानात लीन झाले, म्हणून तो दिवस धन्य. त्या दिवशी आपण भांड्यांच्या आणि सराफाच्या दुकानासमोर रांगेत असतो. आणि दोन दिवसांनी पहाटे, ज्यांनी राजवाड्यापासून अंगावरच्या वस्त्रापर्यंत सगळं सोडलं त्यांना निर्वाण लाडू चढवतो.

चातुर्मास संपला की मुनिमहाराज आपली पिच्छीसुद्धा बदलतात. जुनी पिच्छी श्रावकाला मिळते, पण फुकट नाही, काहीतरी नियम घेणाऱ्यालाच. म्हणजे ज्यांच्याजवळ तीनच वस्तू, त्यांचं जुनं उपकरणही कुणाच्या तरी आयुष्यात एक व्रत ठेवून जातं. आपली जुनी वस्तू दुसऱ्याच्या घरी काय ठेवून जाते, एवढं यंदा माळ्यावर चढताना मनात असू द्या.

माझ्या सव्वीस साड्यांतल्या अकरा धुऊन, फॉल-पिको करून गेल्या, सात फाटलेल्यांच्या वाकळा शिवायला टाकल्या. पाच मुलीने निवडून नेल्या, दोन मी या दिवाळीत नेसणार आहे. राहिली आईची. तिचा धड उरलेला पदर कापून नातीच्या परकराला लावला. ती तो घालून घरभर फिरते. खराब होईल, असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही.

लिहिण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.